चंदन, समई आणि निरंक अहवाल

इंग्रजीतील 'बर्नआउट' या शब्दाला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द मिळालेला नाही. कोणी 'भावनिक थकवा' म्हणतात, कोणी 'कार्यदमणूक' असा शब्द घडवू पाहतात, आणि शिक्षककक्षात आम्ही सारे सरळ 'आता पुरे झालं' एवढेच म्हणतो. सव्वीस वर्षे एका तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवीत असल्यामुळे शब्दाच्या मागे लागणे ही आमची खोडच आहे. ज्या अवस्थेला भाषेत नाव नसते ती अवस्था सोसणाऱ्याला स्वतःचाच दोष वाटू लागते, हे आम्ही विद्यार्थ्यांच्या बाबतीत वारंवार पाहिले आहे. ते शिक्षकांच्या बाबतीतही खरे असावे. म्हणून या शब्दापासूनच सुरुवात करतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा शब्द प्रथम भेटला तो बहुधा ग्रॅहम ग्रीनच्या 'अ बर्न्ट-आउट केस' (१९६१) या कादंबरीच्या नावात. काँगोतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत क्वेरी नावाचा एक कीर्तिमान वास्तुरचनाकार येऊन राहतो. त्याला आता कशातच रस उरलेला नाही. शीर्षकातील शब्द मात्र कुष्ठवैद्यकातला आहे. ज्या रुग्णाचा रोग आपले काम पुरे करून, हातापायांची बोटे घेऊन शांत झाला, तो 'जळून गेलेला' रुग्ण. त्याच्यापासून आता कोणाला धोका नाही, पण गेलेली बोटेही परत येत नाहीत. पुढे १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था सांगण्यासाठी हा शब्द शास्त्रात आणला, आणि १९८१ साली ख्रिस्तिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा शब्द प्रथम आळशी वा कामचुकार माणसांसाठी वापरला गेला नाही. जे आपणहून, हौसेने, ध्येयाने कामात उतरले होते त्यांच्यासाठी तो वापरला गेला. जळण्यासाठी आधी पेटावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती ओसरणे, कामापासून मन दुरावणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना बळावणे. आम्हांला वाटते, मराठीत या तिन्हींसाठी तीन क्रियापदे पूर्वीपासून आहेत. पहिले 'शिणणे', दुसरे 'विटणे' आणि तिसरे 'हात टेकणे'. यांपैकी 'विटणे' आम्हांला फार अचूक वाटते, कारण मराठीत कापडाचा रंग विटतो आणि माणसाचे मनही विटते. रंग विटलेले लुगडे फाटलेले नसते. ते नेसता येते, अंगभर पुरते, दुरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. शाळेत वेळेवर येणारा, तास न चुकवणारा, वह्या तपासून देणारा आणि तरीही विटलेला शिक्षक असाच असतो.

शीण आणि वीट यांत फरक आहे. शीण झोपेने जातो, दिवाळीच्या सुटीने जातो. वीट सुटीने जात नाही. उलट सुटीच्या शेवटच्या दिवशी तो अधिक जाणवतो. शिक्षकांना सुट्या किती, हा समाजाचा आवडता प्रश्न म्हणूनच मुद्द्याला स्पर्श करीत नाही.

आता आमच्या भाषेची दुसरी बाजू. या अवस्थेला नाव देण्यात मराठी मागे राहिली, पण तिचा गौरव करण्यात मात्र ती कधीच मागे नव्हती. शिक्षकाने चंदनासारखे झिजावे, समईसारखे जळावे, मेणबत्तीप्रमाणे स्वतः वितळून प्रकाश द्यावा, अशी वाक्ये ५ सप्टेंबरच्या भाषणांत, निवृत्तीच्या मानपत्रांत आणि आदर्श शिक्षक पुरस्कारांच्या बातम्यांत आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यांतील अर्थाकडे आपले लक्षच जात नाही. झिजणे, जळणे, वितळणे ही तिन्ही नाशाची क्रियापदे आहेत. चंदनाच्या खोडाला कोणी विचारीत नाही की बाबा, तू दुखतोस का. देवाच्या कपाळी गंध लागले म्हणजे झाले. ज्या भाषेत नाश हाच सद्गुण ठरला, त्या भाषेत 'मी थकलो' हे वाक्य जवळजवळ पापोच्चारासारखे वाटते. आमच्या एका सहकारी बाई एकदा म्हणाल्या, "मला चंदन म्हणू नका हो, सहाणेवर धरणारा हात कोणाचा आहे ते आधी सांगा." या एका वाक्यात पुरस्कारांच्या सगळ्या भाषणांची समीक्षा आहे असे आम्हांला वाटते.

आमच्या साहित्यानेही या बाबतीत भाषेचीच री ओढली आहे. मराठीतील संस्मरणीय शिक्षक आठवून पाहावेत. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली'तील चितळे मास्तर कोणाला प्रिय नाहीत? शाळा सुटल्यावरही शिकवणारे, पैशाचा विचार न करणारे, झिजलेल्या वहाणांचे मास्तर. ते चित्र खोटे नाही. असे शिक्षक होते आणि आम्ही स्वतः अशांच्या हाताखाली शिकलो. पण ते चित्र विद्यार्थ्याच्या डोळ्यांतून काढलेले आहे. कृतज्ञ विद्यार्थ्याच्या स्मृतीत शिक्षक कधी थकत नाही, कारण विद्यार्थ्याने त्याला फक्त वर्गात पाहिलेले असते. कित्येक दलित आत्मकथनांतील मास्तर याच्या उलट टोकाला असतात, अपमान करणारे, मुलाला दारापाशी बसवणारे. तेही विद्यार्थ्याच्याच नजरेतले, आणि ती नजर खरीच आहे. मात्र देव असो की दैत्य, शिक्षक आतून कसा असतो हे आपल्या साहित्यात फार थोड्या ठिकाणी दिसते. नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाने ते दाखवले, पण तो महाविद्यालयातला. आणि ज्यांच्यावरून आदर्श गुरुजींची प्रतिमा घडली त्या साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत प्रत्यक्ष अध्यापन केले ते १९२४ ते १९३० अशी सुमारे सहा वर्षे. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्या सहा वर्षांचे मोल कमी होत नाही. परंतु सहा वर्षांच्या ज्योतीचे माप तेहतीस वर्षांच्या नोकरीला लावताना थोडा विचार करावा, एवढेच आमचे म्हणणे.

शाळामास्तराला आतून बोलू देणारी मोठी कृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). ती आपण धनगरांच्या जीवनाची, दुष्काळाची, माणदेशाची कादंबरी म्हणून शिकवतो. ती एका तरुण शिक्षकाच्या नोकरीची कादंबरीही आहे, हे सहसा आपण म्हणत नाही. तिच्यातला मास्तर शिकवण्याखेरीज काय काय करतो याची यादी करून पाहावी. वाडीतल्या लोकांची पत्रे आणि अर्ज लिहिणे, त्यांचे पैशांचे व्यवहार पाहणे, त्यांची गावातली कामे करून आणणे, भांडणांत पडणे, आणि शेवटी साऱ्या वाडीला हाताशी धरून तालीम बांधणे. आजच्या भाषेत ही सारी 'अशैक्षणिक कामे' झाली. तरीही तो मास्तर विटलेला नाही. एकटेपणाने कासावीस होतो, माणसांच्या वागण्याने गोंधळतो, दुष्काळाने वाडी उठून जाते तेव्हा आतून तुटतो; पण विटत नाही.

याहूनही जुना आणि अधिक विचारात पाडणारा दाखला महात्मा फुले यांचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांचे पगार वाढवावेत असे तर सांगितलेच, पण त्याबरोबर शिक्षकांना गावच्या कारभारात स्थान द्यावे, गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम, मुद्रांकविक्री यांसारखी कामे त्यांच्याकडे सोपवावीत, म्हणजे त्यांची प्रतिष्ठा वाढेल, असेही सुचवले. आज हे वाचून शिक्षककक्षात कोणीही दचकेल. 'आणखी कामे?' परंतु जोतीरावांच्या मनातले काम शिक्षकाला गावाच्या मध्यभागी आणणारे होते. दस्त नोंदवणाऱ्या माणसाशी गावाला नीट बोलावे लागते. त्या कामाने शिक्षकाच्या हाती काही अधिकार येणार होता.

यावरून आमच्या मनात जो विचार घर करून राहिला आहे तो असा : शिक्षकाला जाळते ते कामाचे ओझे एकटे नव्हे. ज्या कामाचा धनी दिसत नाही, ज्या कामात आपले काहीच चालत नाही, ते काम जाळते. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली कारखान्यांतील व कार्यालयांतील कामांविषयी हेच मांडले होते. मागणी भारी आणि निर्णयाची मुभा अत्यल्प, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताण माणसाला खातो. मागणी भारी पण मुभाही भरपूर, तर माणूस उलट शिकतो, वाढतो. बनगरवाडीचा मास्तर तालमीचा बेत स्वतः करतो. आमच्यापुढे येणारा तक्ता मात्र वरून आखून येतो. त्यात एक रकाना वाढवण्याचाही अधिकार आम्हांला नसतो.

येथे 'निरंक' या शब्दाची ओळख करून देणे भाग आहे. सरकारी पत्रव्यवहारात 'काही नाही' असे म्हणायचे नसते. 'निरंक' म्हणायचे असते. आपल्या शाळेत अमुक प्रकारची घटना घडली काय, तमुक योजनेचे लाभार्थी किती, याची माहिती आजच दुपारपर्यंत पाठवावी, माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल पाठवावा. असा निरोप पूर्वी शिपायाच्या हाती येई, नंतर ई-मेलने येऊ लागला, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतो. आठवीच्या वर्गात कवितेची लय मुलांच्या अंगी भिनते न भिनते तोच दारात कोणी उभा राहून म्हणतो, "सर, तुमच्या वर्गाचा निरंक राहिलाय." वर्ग हसतो, आम्हीही हसतो. मात्र ती लय त्या तासात परत येत नाही. काही नसल्याचा अहवाल देण्यासाठी जे होते ते थांबवावे लागते. या व्यवहाराची विसंगती कळायला साहित्याचा अभ्यास लागत नाही, पण ती रोज सोसायला बराच कठीण जीव लागतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली. अपवाद तीन ठेवले. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. कायदा चांगला आहे. पण अपवादांची रुंदी अनुभवानेच कळते. मतदारयादीचे काम एका दिवसाचे नसते. आणि २०२० च्या महासाथीत शिक्षक घरोघरच्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यापर्यंत सर्वत्र उभे होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. संकटात कोणीतरी उभे राहावेच लागते. शिवाय 'शैक्षणिक' या शब्दाच्या पोटातच पुष्कळ काही मावते. पोषण आहाराचा साठा, चव नोंदवही, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारशी नावांची जुळणी, यू-डायसची माहिती. यांतले प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर समर्थनीय आहे. भुकेल्या मुलाला जेवण मिळाले पाहिजे, गरजूला शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे, यावर कोण वाद घालील? पण या साऱ्यांची बेरीज कोणी करीत नाही, कारण प्रत्येक काम वेगळ्या टेबलावरून निघते आणि एकाच टेबलावर येऊन पडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासह शिक्षकाने सेल्फी काढून पाठवावी असा शासननिर्णय निघाला होता. पुढे विरोधामुळे तो स्थगित झाला. शाळाबाह्य मुले शोधण्याचा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. परंतु हजेरीपटावरील शिक्षकाची सही पुरेशी नाही, हे त्याने सांगितले, आणि ते आम्ही विसरलो नाही.

भाषेच्या शिक्षकाला सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट मात्र निराळी आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. एका परीक्षेने मुलाला तोलू नये, त्याच्याकडे वर्षभर पाहावे, जे दिसेल ते शब्दांत लिहावे, ही मूळ कल्पना आम्हांला मनापासून आवडली होती. प्रत्येक मुलाचे चार ओळींचे व्यक्तिचित्र लिहायचे, याहून मराठीच्या शिक्षकाला सुखाचे काम कोणते? पण एका वर्गात पन्नास-साठ मुले, हाती चार वर्ग आणि नोंदींना ठरलेली मुदत. थोड्याच काळात बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तके आली. 'मुद्देसूद बोलतो', 'कविता तालासुरात म्हणतो', 'इतरांना मदत करण्यास तत्पर असतो'. पाहता पाहता सारी मुले एकाच मुलासारखी झाली. ज्या नोंदीने मूल दिसायचे त्याच नोंदीने ते झाकले गेले. ज्याने आयुष्यभर मुलांना 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असे सांगितले, त्यालाच नमुन्याबरहुकूम लिहावे लागणे हा केवळ कामाचा ताण नाही, तो व्यवसायाच्या गाभ्यालाच लागलेला घाव आहे. मन विटते ते येथे.

याच्या जोडीला वर्गातले अदृश्य श्रम असतात. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. चेहऱ्यावर ठरावीक भाव बाळगणे हाही नोकरीचाच भाग असतो, आणि तो थकवतो. शिक्षकाचे श्रम याहून अवघड, कारण त्याचे हसू खोटे असून चालत नाही. मुलांना ते तत्काळ कळते. घरी दारू पिणारा बाप असलेली मुलगी पहिल्या बाकावर, ऊसतोडीहून परतलेला मुलगा शेवटच्या, आणि मध्ये ज्याला आज नुसतेच बोलायचे आहे असा एक. पस्तीस मिनिटांत या तिघांना तीन चेहऱ्यांनी सामोरे जायचे, आणि घंटा झाली की पुढच्या वर्गात. या श्रमाची नोंद कोणत्याच नोंदवहीत नाही. नशीबच म्हणायचे, नाहीतर तिचाही निरंक अहवाल मागवला गेला असता.

आणि या सर्वांच्या खाली अनिश्चिततेची जमीन आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन होते, तीन वर्षांसाठी. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांत अनुदानाची वाट पाहत कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. पट घटला की संचमान्यतेत एखादा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला भाषेने दिलेले हे विशेषण आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या व सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. गुणवत्तेचा आग्रह योग्यच आहे. पण अठ्ठेचाळीस वर्षांचे आमचे सहकारी रात्री मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करतात, आणि सकाळी खऱ्या बालकांपुढे जांभई आवरतात, हेही त्याच निकालाचे एक अंग आहे.

गेल्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. मराठीत एम.ए. झालेली, चांगले लिहिणारी. म्हणाली, "सर, बी.एड. करू का? खरं सांगा." चंदन आणि समईची सगळी वाक्ये आमच्या जिभेवर तयार होती, तशीच कडू वाक्येही तयार होती. दोन्ही प्रकारची आम्ही टाळली. तिला म्हणालो, "शिकवणं कधीच कंटाळवाणं होत नाही. ज्या दिवशी पूर्ण तास शिकवायला मिळतो त्या दिवशी मी थकून घरी जातो आणि शांत झोपतो. ज्या दिवशी मिळत नाही, त्या दिवशी फारसं काही केलेलं नसतानाही झोप येत नाही. हा हिशेब तुला झेपेल का ते बघ." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग तुम्ही मिळून काही करत का नाही?" हा प्रश्न आम्हांला तिच्या पहिल्या प्रश्नाहून मोठा वाटला.

कारण विटलेला माणूस एकटा पडतो. तो संघटनेच्या सभेला जातो, पगारावर बोलतो, बदलीवर बोलतो, पण 'मला आता कविता शिकवावीशी वाटत नाही' हे सांगायला त्याला जागा नसते. ताणमुक्तीच्या प्रशिक्षणांत डोळे मिटून श्वास मोजायला शिकवतात. त्यानेही बरे वाटते, नाही असे नाही. पण श्वास आमचा, आणि तक्ता त्यांचाच. रोगाचे नाव जर 'व्यवसायाशी निगडित' असेल तर उपचारही व्यवसायावरच झाला पाहिजे. एकच माहिती चार ठिकाणी मागवू नये. तासिका चालू असताना निरोप पाठवू नये. माहिती भरायला शाळेत लिपिक असावा. आणि मुलांविषयी आम्ही जे लिहितो ते कोणीतरी वाचावे. या मागण्यांना फार मोठा खर्च नाही. त्यांसाठी एवढेच मान्य करावे लागेल की शिक्षकाचा वेळ ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे.

तोवर आमच्या हाती जे आहे ते आम्ही करतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चारपाच जण अर्धा तास थांबतो आणि एकजण काहीतरी वाचून दाखवतो. मुलांसाठी नव्हे, पाठ्यपुस्तकातले नव्हे, आमच्यासाठी. गणिताच्या बाई आहेत, शारीरिक शिक्षणाचे सर आहेत. त्याचा अहवाल नाही, छायाचित्र नाही, गटावर टाकणे नाही. विटलेला रंग याने परत येतो असा आमचा दावा नाही. पण ज्या गोष्टीच्या ओढीने आपण या पेशात आलो ती अजून जागेवर आहे, एवढी खात्री आठवड्यातून एकदा पटते.

हे वाचणाऱ्यांत पुष्कळजण साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक असतील. काहीजण उद्या शाळेत जातील, काहीजण उद्याचे शिक्षक घडवतील. त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी वर्गात 'बनगरवाडी' घ्याल तेव्हा दुष्काळ, प्रदेश, बोली यांच्याबरोबर एक प्रश्न मुलांना जरूर विचारा : या मास्तराला दिवसभरात कोणकोणती कामे करावी लागतात, आणि त्यांतली कोणती त्याने स्वतः निवडलेली आहेत?